घरी सर्व्हिसिंग केली आणि पिकअप गेला: अशा गिऱ्हाईकाकडून तपासणीचे पैसे घ्या



गॅरेज टाकायचं म्हणून माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. जागा कुठे घ्यावी, आणि मुद्राचं लोन किती मिळेल. (शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत. सुरुवातीच्या गॅरेजला त्याच्या पुढे जायचं काही कारण नाही.) तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो आज मीच घेतो. एखाद्याने रविवारी घरी गाडी उघडली आणि सोमवारी "पिकअप गेला हो, परवापर्यंत चांगली होती" म्हणत आपल्या दारात आणली, तर त्याच्याशी वागायचं कसं आणि पैसे नेमके कशाचे घ्यायचे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्याला हसायचं नाही, पार्ट विकायची घाई करायची नाही, आणि तपासणीचे पैसे वेगळे, पावती देऊन घ्यायचे. हे मला बीबीएच्या वर्गात कोणी शिकवलं नाही. एका दूधवाल्याच्या 1,850 रुपयांत मी ते शिकलो.

दुकान उघडून दीड वर्ष झालं असेल. पुढे स्पेअरचा काउंटर मी सांभाळायचो, मागे सर्व्हिसिंगला एक मेकॅनिक आणि एक हेल्पर. हा मामा कोळवण खोऱ्यातला, कोथरूडला दुधाचा रतीब घालणारा. जुनी 100 सीसी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन. पहाटे निघायचं, पौड, पिरंगुट, मग घाट चढून भुकूम, भूगाव, चांदणी चौक. आपल्या भागातल्यांना वेगळं सांगायला नको, गाडीत दम आहे की नाही हे पिरंगुटच्या घाटात कळतं. सपाटीला सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

मामा म्हणाले, "शेठ, काल घरीच ऑइल बदललं, फिल्टर साफ केला, चेन आवळली. आज घाटात दुसऱ्या गिअरवर पण रडायला लागली."

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. आम्ही एकही ऐकली नाही. मेकॅनिकने कॅन उतरवले, पौड रस्त्याला सपाटीवर एक चक्कर मारली आणि आल्या आल्या निकाल दिला, "प्लेटा गेल्यात." गाडी जुनी, ओझं वाहणारी, मलाही पटलं. प्लेट सेट, पॅकिंग, नवीन ऑइल, मजुरी, 1,850 रुपये. गाडी दोन दिवस आमच्याकडे राहिली. मामांनी मेहुण्याची गाडी मागून रतीब घातला, दुसऱ्या दिवशी उशीर झाला आणि कोथरूडची दोन घरं पिशवीच्या दुधावर गेली. हे मला नंतर कळलं.

गाडी नेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मामा आले आणि जुन्या प्लेटा काउंटरवर ठेवल्या. "ह्या ठेवा शेठ. गाडीचं पौडला झालं." पौडच्या एका वयस्कर मिस्त्रीने गाडी डबल स्टँडला लावली होती, न्यूट्रल करून मागचं चाक हाताने फिरवलं होतं, आणि चाक अर्ध्या फेऱ्यातच थांबलं होतं. ब्रेक धरून बसला होता. त्याने ब्रेकचा नट थोडा मागे घेतला, चेन जराशी ढिली केली आणि 30 रुपये घेतले.

कारण साधं आहे, पण गॅरेज टाकणाऱ्या प्रत्येकाने एकदा डोक्यात नीट बसवून घ्यावं असं आहे. ड्रम ब्रेकच्या गाडीत चेन आवळताना मागचं चाक मागे सरकतं. ब्रेकचा रॉड मात्र पुढे पायडलला अडकलेला, तो काही लांब होत नाही. चाक मागे गेलं की ड्रमवरचा दांडा रॉडच्या नटावर दाबला जातो आणि पाय न ठेवताच ब्रेक थोडा लागून राहतो. म्हणून चेन आवळली की मागच्या ब्रेकचा प्ले पुन्हा लावायचा असतो. घरी चेन आवळणारा हे विसरतो, कारण त्याच्या मते त्याने ब्रेकला हातच लावलेला नसतो. आणि चेन जास्त आवळली असेल तर ओझं पडल्यावर मागचा भाग खाली बसतो तशी ती आणखी ताणली जाते. आमच्या मेकॅनिकने कॅन उतरवून चक्कर मारली तिथेच चुकलं. मोकळी गाडी सपाटीला बरी चालली, मग इंजिनचा आवाज आणि गाडीचं वय बघून त्याने अंदाज ठोकला.

पण सगळा दोष मेकॅनिकवर टाकला तर मी खोटा ठरेन. तेव्हा मी त्याला पगाराशिवाय विकलेल्या स्पेअरवर कमिशन द्यायचो. ब्रेकचा नट मागे घेऊन त्याला काय मिळणार? काही नाही. प्लेट सेट बसवला की कमिशन. तो लबाड होता असं मला आजही वाटत नाही. पण रोज संध्याकाळी ज्याच्या हिशोबात प्लेटा मोजल्या जातात, त्याला गाडीतही आधी प्लेटाच दिसणार. ही पद्धत मी ठरवली होती. मामांना मी मजुरी परत दिली, प्लेटचे पैसे दिले नाहीत, कारण बॉक्स उघडला होता. आज तसं केलं नसतं.

आता कामाचं. "पिकअप गेला" हे गिऱ्हाईकाचं वाक्य आहे, त्याला तुम्ही निदान समजू नका. त्या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असतात. एक, इंजिन ताकद बनवतच नाही. दोन, बनवतं पण क्लच ती पुढे देत नाही. तीन, चाकापर्यंत ताकद येते आणि तिथे ब्रेक किंवा चेन ती खाऊन टाकते. घरी सर्व्हिसिंग केलेल्या गाडीत मी उलट्या क्रमाने जातो, तिसऱ्यापासून. कारण तिसऱ्याला पानासुद्धा लागत नाही. डबल स्टँडला लावा, चाक फिरवा. सपाटीवर न्यूट्रलमध्ये ढकला. दोन किलोमीटर चालवून आल्यावर ड्रमजवळ हाताची पाठ न्या, धग लागली तर समजा. पुढच्याला डिस्क असेल तर पुढचंही चाक उचलून बघा. चेन मधोमध वरखाली किती हलते ते बघा. बहुतेक लहान गाड्यांत 25 मिमीच्या आसपास असते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. आणि हो, तोंडी आकडे पाठ करू नका, मॅन्युअल मोबाईलवर उतरवून ठेवा.

मग क्लच. वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगात रेस दिली आणि इंजिन ओरडलं पण गाडी पुढे गेली नाही, तर क्लच घसरतोय. पण क्लच घसरतोय म्हणजे प्लेटा गेल्या असं लगेच नसतं. आधी लिव्हरला प्ले आहे का ते बघा. घरी माणूस केबल आवळतो, त्याला लिव्हर कडक आवडतो. लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिमी मोकळं हललं पाहिजे, नाहीतर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो. ते ठीक असेल तर विचारा, "ऑइलची रिकामी बाटली आहे का घरी?" मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, ती इंजिनला बरी, क्लचला वाईट. मोटारसायकलला बाटलीवर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं पाहिजे. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा. ग्रेड बरोबर, 10डब्ल्यू-30 च आहे, तरी हे एक अक्षर चुकलं की गाडी घाटात घसरते. चाचपणीला बाटली आणायला लावली की निम्मी भानगड तिथेच मिटते. लवकर लक्षात आलं तर नुसतं योग्य ऑइल बदलूनही क्लच पुन्हा धरतो. आधी तेच करून बघा, प्लेटा शेवटी.

आणि बाटली एक लिटरची, इंजिनला लागतं त्याहून कमी, पण "उरलेलं कशाला ठेवायचं" म्हणून सगळं ओतलेलं, हेही मी पाहिलंय. जास्तीचं ऑइल इंजिनला जड होतं आणि ब्रीदरच्या पाइपातून फिल्टरच्या डब्यात येतं. डिपस्टिक बघताना आटे फिरवायचे की नुसती टेकवायची, हे मॅन्युअलमध्ये असतं. बऱ्याच गाड्यांत नुसती टेकवायची असते. आटे फिरवून बघितलं तर लेव्हल खोटी दिसते.

इंजिनचा नंबर शेवटी, आणि तिथे घरच्या सर्व्हिसिंगचा पहिला बळी एअर फिल्टर. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत कागदी फिल्टर असतो आणि तो कारखान्यातूनच तेलकट येतो, धूळ चिकटून राहावी म्हणून. घरच्या माणसाला तो तेलकटपणा म्हणजे घाण वाटते. तो पेट्रोलने धुतो, वर हवा मारतो. झाला फिल्टर बाद. तसला फिल्टर धुवायचाच नसतो, किलोमीटर झाले की बदलायचा. स्पंजचा असेल तर धुता येतो, पण पूर्ण वाळवून, थोडं ऑइल लावून, पिळून. ओला किंवा ऑइलने निथळता बसवला की इंजिनचा श्वास कोंडतो. फिल्टर बरोबर असला तरी डब्याचं झाकण तिरकं बसलंय का, डबा आणि कार्बोरेटरच्या मधलं रबर सटकलंय का, क्लॅम्प आवळलाय का, हे बोटाने चाचपून बघा.

टाकी काढून बसवली असेल तर पेट्रोलचा पाइप दुमडलाय का बघा. गाडी दहा मिनिटं छान चालते, मग मरगळते, थांबून झाकण उघडलं की पुन्हा पळते, असं असेल तर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. प्लगची टोपी शेवटपर्यंत दाबली आहे का. चोक ओढलेला तर राहिला नाही ना. हसू नका, चोक राहिलेली गाडी मी स्वतः अर्धा तास उघडून बसलोय. कार्बोरेटर खोलला असेल तर जेटमध्ये तार घातली होती का ते विचारा. तारेने भोक मोठं होतं, मग ते कितीही साफ करा. पडद्याचा कार्बोरेटर असेल तर वरचं झाकण लावताना रबरी पडदा चिमटीत आलाय का बघा. अशी गाडी स्लोवर मस्त चालते आणि रेस दिली की ओढत नाही. टॅपेट लावलं असेल तर इंजिन गार असताना लावलं का, फीलर गेज होती का, हे विचारून पुन्हा पहिल्यापासून लावा. कसलेली टॅपेट कॉम्प्रेशन खाते.

एप्रिल 2020 नंतर बीएस6 आलं, तेव्हापासून मोटारसायकली बहुतेक इंजेक्शनच्या. त्यात घरी बिघडवायला कार्बोरेटर नाही, पण सेन्सरचे कनेक्टर आहेत. धुताना किंवा टाकी उचलताना एखादा सुटतो आणि मीटरवर इंजिनचा दिवा लागतो. आधी कनेक्टर चाचपा, मग स्कॅनर लावा. वॉरंटीतली गाडी असेल तर मात्र मी हात लावत नाही, सरळ अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवतो. त्याच्या वॉरंटीचा वाद माझ्या गल्ल्यावर नको.

हल्ली एक नवीन उत्तर तयार असतं, "पेट्रोलच तसलं येतंय." ई20 मुळे ॲव्हरेज थोडं कमी होतं हे खरं, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमीच असते. टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल ते धरतं आणि दोन्ही मिळून तळाशी बसतात, हेही खरं. आपल्याकडच्या पावसात, विशेषतः ताम्हिणीकडून येणाऱ्या गाड्यांना, हा त्रास होतो. पण शनिवारी चढलेली गाडी रविवारच्या सर्व्हिसिंगनंतर सोमवारी चढत नसेल, तर आधी रविवार तपासा. मी मुलांना एकच प्रश्न तोंडपाठ करायला लावतो: "शेवटचा हात कशाला लागला होता?" आणि तो विचारताना आवाजात "कशाला हात लावलात?" असा सूर येऊ द्यायचा नाही. एकदा ओशाळला की माणूस खोटं बोलतो, काहीच केलं नाही म्हणतो, आणि मग आपण दिवसभर शोधत बसतो.

शिवाय धंद्याच्या नजरेने बघा. घरी ऑइल बदलणारा माणूस आपला शत्रू कसा? ऑइल तो माझ्याकडूनच नेतो, फिल्टर, प्लग, केबल, चेनचा स्प्रे, पाने, सगळं. वर्षाला त्याची खरेदी सर्व्हिसिंगला गाडी टाकून जाणाऱ्यापेक्षा कमी नसते. त्याला विकताना मीच सांगतो, चेन आवळली तर ब्रेकचा नट बघा, ही बाटली पूर्ण ओतू नका. माझा मेकॅनिक आधी कुरकुरला, आपणच शिकवलं तर आपल्याकडे येणार कोण? येतात. अडकले की येतात, आणि खरं काय केलं ते सांगतात.

आता तपासणीच्या दराचं, जिथे माझं बाकीच्या ट्रेनरांशी जमत नाही. बरेच जण सांगतात, तपासणीचे पैसे घ्या आणि काम आपल्याकडे केलं तर बिलातून वजा करा, गिऱ्हाईक खूश. मी वजा करत नाही. वजा केलं की पुन्हा तेच, काम निघालं तरच तपासणीचे पैसे मला सुटणार, म्हणजे काम काढण्याची खाज सुरू. माझ्याकडे तपासणी 150 रुपये, इंजेक्शनच्या गाडीला 250. काम निघो न निघो. त्यातला ठरलेला वाटा मेकॅनिकचा. स्पेअरवरचं कमिशन बंद केलं आणि त्या बदल्यात पगार वाढवला. गिऱ्हाईकाला एक चिठ्ठी मिळते, काय तपासलं, काय सापडलं, काय करावं लागेल, किती लागेल. ती घेऊन तो दुसरीकडे गेला तरी चालेल. पार्ट बदलला तर जुना पार्ट पिशवीत घालून त्याच्या हातात. चाचणीची चक्कर गिऱ्हाईकाला मागे बसवून, घाटापर्यंत. ओझंही होतं आणि त्याला फरकही जाणवतो.

सुरुवातीला बरेच जण फिरकून गेले. "बघायचे पैसे?" असं म्हणून शेजारच्या टपरीवर जाऊन माझी टिंगलही झाली. त्या दोन महिन्यांत भाडं काढायला मला घरून पैसे आणावे लागले, म्हणून तुम्हाला सांगतो, दर लावायचा तर पहिल्या दिवसापासून लावा. आधी फुकट आणि मग दीडशे, हे लोकांना पचत नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे दोष दोन मिनिटांत सापडतो तो. गिऱ्हाईक म्हणतो, नट फिरवायचे दीडशे? इथे लाजू नका आणि उगाच वेळही काढू नका. मी आधी त्यालाच चाक फिरवायला देतो. अडकतं. नट मागे घेतो, पुन्हा त्यालाच फिरवायला देतो. मग बाकीची तपासणी पूर्ण करतो, क्लच, ऑइल, फिल्टर, कारण पहिला दोष सापडला म्हणजे तो एकटाच आहे असं नसतं. रविवारी त्याने तीन गोष्टींना हात लावलेला असतो. आणि पुढच्या वेळी घरी हे कसं करायचं ते दाखवतो. ज्याचा रोजगार गाडीवर आहे, रतीबवाला, भाजीवाला, डिलिव्हरीवाला, त्याची गाडी ओळीत पुढे घेतो. 150 रुपयांपेक्षा त्याला त्या सकाळचं मोल जास्त असतं, आणि पैसे देताना तो कधी घासाघीस करत नाही असा माझा अनुभव आहे.

मामा मात्र अजून पौडलाच जातात. पहाटे लवकर शटर उघडलं तर कधीतरी त्यांची गाडी समोरून जाताना दिसते, तेच कॅन, तीच गाडी. आवाजावरून तरी चेन बरोबर लावलेली वाटते.